नोव्हायचा सोळावा चौकोन

'नोव्हाय' हे नाव पहिल्यांदा ऐकलं की मराठी माणसाला, त्यातून तो कोल्हापूर-साताऱ्याकडचा असेल तर, 'नव्हं, हाय' असं काहीतरी ऐकू येतं. अरे, आहे की नाही ते एकदा नक्की सांगा की! पण मंडळी, या नावाचं कोडं इथल्या लोकांनाही तितकंच आहे. इंग्रजीत 'नंबर' थोडक्यात लिहायचा तर 'एन' आणि 'ओ', आणि रोमन सहा म्हणजे 'व्ही' आणि 'आय'. झालं 'नोव्हाय'! तेव्हा डेट्रॉईटहून निघणाऱ्या ग्रँड रिव्हर रस्त्यावरचा सहावा टोलनाका तो नोव्हाय, ही कथा गावात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच ऐकवली जाते.

कथा झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत. गावाला हे नाव मिळालं १८३२ मध्ये. मिशिगनमध्ये फळ्यांच्या टोल-रस्त्यांना सर्रास परवानगी देणारा कायदा झाला १८४८ मध्ये. म्हणजे नाक्याच्या आधी सोळा वर्षं नाव! दुसरी कथा अशी की, इथल्या डॉ. एमरी यांच्या पत्नीला आखूडसं नाव हवं होतं आणि तिने हे सुचवलं. मला ही दुसरी जास्त पटते. पण खरं सांगायचं तर नावापेक्षा मला गावाच्या आकाराचं वेड लागलं. (इंजिनिअरला दुसरं कशाचं लागणार?)

नकाशा उघडून बघा. दक्षिणेला 'आठ मैल' रस्ता, उत्तरेला 'चौदा मैल' रस्ता. हा आठ मैल म्हणजे एमिनेमच्या सिनेमामुळे जगाला माहीत झालेला तोच. पूर्वेला हॅगर्टी रोड, पश्चिमेला नेपियर रोड. सहा मैल गुणिले सहा मैल, अगदी पट्टी लावून काढल्यासारखा चौकोन. त्याचे कोपरे नॉर्थव्हिल आणि वॉल्ड लेक या शेजाऱ्यांनी थोडे कुरतडलेत, एवढंच. हा योगायोग नाही. अमेरिकन काँग्रेसने १७८५ साली जमीन मोजणीचा कायदा केला, त्यात प्रत्येक 'टाउनशिप' सहा मैलांची चौरस आणि तिचे एक-एक चौरस मैलाचे ३६ तुकडे असं ठरलं. प्रत्येक तुकडा ६४० एकर. आपल्या हिशेबाने २५,६०० गुंठे. आठ मैल रस्ता ही तर मिशिगनच्या सगळ्या मोजणीची पायारेषा.

आता खरी गंमत. या ३६ पैकी एक तुकडा, नंबर १६, हा त्या टाउनशिपमधल्या शाळांसाठी राखून ठेवायचा, असं त्याच कायद्यात लिहिलेलं होतं. म्हणजे गावात एकही घर नाही, एकही पोर नाही, जंगल आहे, आणि शाळेच्या नावाने ६४० एकर आधीच बाजूला! नोव्हायमध्ये पहिला वसाहतवाला, इरॅस्टस इंगरसोल, न्यूयॉर्क राज्यातून आला १८२५ मध्ये. कायदा त्याच्याही चाळीस वर्षं आधीचा.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. देवळाच्या दिवाबत्तीसाठी इनाम जमीन, गुरांसाठी गायरान, हे आपल्या गावगाड्यात होतंच. फरक इतकाच की आपल्याकडे इनाम द्यायला राजा लागायचा आणि ते अमुक एका देवाला किंवा घराण्याला मिळायचं. इथे ते अजून न जन्मलेल्या मुलांना मिळालं. आणि एक सांगायलाच हवं. ही जमीन काही कोरी पडलेली नव्हती. ओटावा, ओजिब्वे, वायनडॉट आणि पोटावाटोमी या लोकांकडून १८०७ च्या डेट्रॉईटच्या तहाने ती काढून घेतलेली होती. संस्थांच्या इतिहासात जमेची बाजू सगळे वाचून दाखवतात, म्हणून खर्चाची मी इथे लिहून ठेवतो.

चर्चचं काय? १७८५ च्या मूळ मसुद्यात शाळेच्या तुकड्याला लागूनच आणखी एक तुकडा धर्मासाठी होता. तो चर्चेत गळाला. त्यामुळे इथल्या चर्चला सरकारी इनाम मिळालं नाही. या भागात सुरुवातीला मेथॉडिस्ट पाद्री घोड्यावरून गावोगाव फिरायचे, कोणाच्या तरी लाकडी घरात किंवा शाळेच्या खोलीत प्रार्थना व्हायची. मंडळी जमली, वर्गणी जमली, तरच इमारत. नाही जमली तर पाद्री पुढच्या गावाला. दर रविवारी थाळी फिरवायची आणि तेवढ्यात भागवायचं.

शाळेच्या जमिनीचंही पुढे एक वळण आहे. सोळावा तुकडा कुठे काळ्याभोर मातीचा, कुठे निव्वळ दलदल. ज्या गावाच्या नशिबी दलदल त्याने काय करायचं? मिशिगन राज्य होत असताना आयझॅक क्रेरी आणि जॉन पियर्स या दोघांनी यावर उपाय काढला. सगळे सोळावे तुकडे गावांऐवजी राज्याच्या ताब्यात द्यायचे, विकून एकच कायम निधी करायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याज मुलांच्या संख्येप्रमाणे वाटायचं. पियर्स १८३६ मध्ये राज्याचा पहिला शिक्षणप्रमुख झाला. पेशाने तो पाद्री, मिशिगनच्या मार्शल गावात मिशनचं काम करायला १८३१ मध्ये आलेला. हे वाचलं आणि मी थबकलोच, कारण त्याच १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री अहमदनगरला ठाण मांडून बसले! मिसेस... नव्हे, मिस सिंथिया फॅरार यांनी पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' निघालं. न्यू इंग्लंडमधल्या चर्चच्या थाळीत पडलेली नाणी एकीकडे मिशिगनच्या जंगलात आणि दुसरीकडे भिंगारच्या वेशीपर्यंत पोचत होती.

याच काळातली तिसरी संस्था म्हणजे ग्रँड रिव्हरचा फळ्यांचा रस्ता. ही चक्क कंपनी. १८४८ च्या कायद्याप्रमाणे सोळा फूट रुंद रस्ता, त्यातला निदान आठ फूट तीन इंची फळ्यांचा, आणि एका जनावराच्या गाडीला मैलाला एक सेंट, दोन जनावरांना दोन. सुरुवातीला गाड्या सुसाट. पण लाकूड म्हणजे लाकूड. पावसाने, बर्फाने फळ्या कुजल्या, आणि दुरुस्तीसाठी वेगळे पैसे काढून ठेवलेले नव्हते. असे रस्ते पुढे एकामागून एक मोडीत निघाले. टोलनाक्याची आज उरली आहे ती फक्त कथा, तीही तारखेत न बसणारी!

मग गावाची गोष्ट शंभर वर्षं शेतीच्या चालीने चालते. नोव्हाय १९६९ मध्ये शहर झालं. १९७० च्या जनगणनेत लोक होते ९,६६८. १९७७ मध्ये ट्वेल्व्ह ओक्स मॉल आला, हमरस्ते होतेच, आणि गाव सुटलं. २००० मध्ये ४७,३८६, २०२० मध्ये ६६,२४३. मॉलमध्ये सुरुवातीला डेट्रॉईटचं हडसन्स होतं, १८८१ पासूनचं, डेट्रॉईटकरांचा अभिमान. २००१ मध्ये त्याच्यावर मार्शल फील्ड्सची पाटी लागली, २००६ मध्ये मेसीजची. इमारत तीच, जिने तेच, संस्था मात्र गेली.

गाड्यांच्या धंद्यामुळे जपानी कुटुंबं आली, नंतर आपण आलो. डेट्रॉईटची जपानी शाळा सुरू झाली १९७३ मध्ये. ती शनिवारी भरते, आणि नोव्हायला आली तीसुद्धा दुसऱ्या शाळेच्या वर्गांत. नोकरीनिमित्त चार-पाच वर्षांसाठी येणारे पालक, म्हणजे दर थोड्या वर्षांनी सगळी माणसं बदलणार, तरी शाळा पन्नाशी ओलांडून गेली. टॅफ्ट रोडवर व्यंकटेश्वराचं मंदिर उभं आहे. आणि सोळावा चौकोन? बेक आणि टॅफ्ट या रस्त्यांच्या मध्ये, अकरा आणि बारा मैलांच्या मध्ये. त्यातून आता आय-९६ हमरस्ता जातो आणि ग्रँड रिव्हरही. तिथे २००५ पासून एक अवाढव्य प्रदर्शन-केंद्र आहे, प्रायोजक बदलला की नाव बदलणारं. मी कामानिमित्त तिथे जातो तेव्हा मनात येतं, आपण शाळेच्या जमिनीवर गाडी पार्क करतोय. जमीन विकली गेली, पण ती विकून जो निधी झाला त्यावर मिशिगनच्या कित्येक पिढ्यांच्या शाळांना व्याज मिळालं.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. (इतका वेळ वाचत आलात, तेव्हा एवढं ऐकाच.)

उत्तर अमेरिकेतल्या मराठी संस्था काही नवख्या नाहीत. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ चं, आणि त्याची स्वतःची वास्तू आहे. पण बहुतेक ठिकाणी चित्र काय असतं? गणपतीला सभागृह भरतं, नाटकाची तिकिटं संपतात, जेवणाला रांग लागते, आणि वर्षाअखेर हिशेब 'ना नफा ना तोटा' झाला की कार्यकारिणी सुटकेचा श्वास सोडते. आम्ही काही पालक मिळून रविवारी मुलांना मराठी शिकवतो. जागा उसनी, फळा उसना, पुस्तकं शिक्षिकेच्या गाडीच्या डिकीत. जागेचं भाडं वाढलं की शाळेचं भवितव्य एका ई-मेलवर येऊन ठेपतं. दरवेळी दोन-तीन घरं खिशातून पैसे घालतात. त्या घरांची मुलं कॉलेजात गेली की काय?

उसन्या जागेचं मला काही वाटत नाही. चर्चची सुरुवात उसन्या खोलीत झाली, जपानी शाळा पन्नास वर्षं उसन्या वर्गांत चालली. मंडळाने आधी इमारत घ्यावी म्हणणारे मित्र आहेत माझे, पण इमारतीला छप्पर लागतं आणि छपराला दर वीस वर्षांनी पैसे, हे फळ्यांच्या रस्त्याने शिकवलंच आहे. माझं म्हणणं साधं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून नाक्यावर पैसे घेऊन रस्ता चालतो, तोही थोडे दिवस. संस्था टिकायला दर आठवड्याची वर्गणी तरी लागते किंवा हात न लावायचं मुद्दल तरी. आणि ते बाजूला काढायचं ते गरज पडायच्या आधी.

पुण्यात हे लोकांनी पैशांशिवायही करून दाखवलं. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची. तिच्याकडे इनाम नव्हतं, पण आजीव सदस्यांनी वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवायचं असा नियम होता. म्हणजे माणसांची वर्षंच बाजूला काढून ठेवलेली! टिळक १८९० मध्ये भांडून बाहेर पडले, आगरकर १८९५ मध्ये गेले, फर्ग्युसन मात्र चालूच राहिलं. आपल्यापैकी कोणी वीस वर्षं देणार नाही. एच-वन आणि ग्रीन कार्डच्या हिशेबात वीस वर्षांचं वचन कोण देणार?

पण छत्तिसावा हिस्सा देता येईल. १७८५ च्या लोकांनी एवढाच तर बाजूला ठेवला होता, छत्तिसातला एक. छत्तीस डॉलरचं नाटकाचं तिकीट असेल तर त्यातला एक डॉलर मराठी शाळेच्या मुद्दलात. गणपतीच्या प्रत्येक देणगीतला छत्तिसावा भाग तसाच. मंडळाच्या घटनेत एक ओळ घालायची, की मुद्दल मोडायचं नाही आणि व्याज पोरांच्या संख्येप्रमाणे. पहिली काही वर्षं त्यातून खडूसुद्धा येणार नाही, हे मान्य. पण आज ज्यांच्यासाठी ते काढायचं, ती पोरं अजून जन्माला यायची आहेत. नोव्हायच्या सोळाव्या चौकोनाचंही तसंच होतं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवाय!