वायरलेस गाडीत, आवाज रस्त्यावर

कार्यकारिणीच्या बैठकीत आमच्या तरुण मंडळींनी एक सूचना मांडली. विसर्जनाच्या मिरवणुकीत टेम्पो पुढे निघून जातो, ढोल मध्ये राहतात आणि महिला मंडळ पार मागे. तेव्हा स्वयंसेवकांना वॉकीटॉकी द्यावेत आणि एक संच टेम्पोवरच्या कर्ण्याला जोडावा, म्हणजे मागचा निरोप पुढे सर्वांनाच ऐकू येईल. "काका, तुम्ही रेल्वेत टेलिकॉमला आहात, जोडून द्या ना," म्हणून काम माझ्या गळ्यात आले आणि त्यापाठोपाठ हा लेखही.

कर्णा आणि वायरलेस ही दोन वेगळ्या घरची मुले आहेत. विजेवर चालणारा मोठ्या आवाजाचा कर्णा १९१५ मध्ये कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी तयार केला. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगोच्या प्रचंड सभेत त्यातूनच बोलले. आपल्याकडे काँग्रेसच्या सभांतून जो कर्णा दिसू लागला तो 'शिकागो रेडिओ'चा. नाव शिकागोचे, पण मालक सिंधचे मोटवाने. १९४२ च्या चळवळीत उषा मेहतांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्या खटल्यात नानिक मोटवाने हेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले, उषाबेनना मात्र चार वर्षांची शिक्षा झाली. आमच्या खात्यात प्रत्येकाच्या पिशवीत असणारा मोटवाने मल्टीमीटर याच घराण्याचा, आणि त्यांचा कारखाना आपल्या नाशिकरोडला! दिल्लीकरांना अर्थात कर्णा म्हटले की अहुजाच आठवतो.

वायरलेसची गोष्ट निराळी. १९२८ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट पोलिसांच्या गाड्यांत रेडिओ बसले, पण ते फक्त ऐकण्यापुरते. गाडीतून उलट बोलता येण्याची सोय १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन या गावी झाली. नवी अडचण अशी की शिपाई गाडीतून खाली उतरला की संच त्याच्यापुरता मुका. मग संचाचा आवाज गाडीवरच्या कर्ण्यात सोडायची युक्ती निघाली. पुढे सायरनच्या पेटीवर 'सायरन' आणि 'माइक' यांच्या जोडीला 'रेडिओ' असे तिसरे स्थानही येऊ लागले.

जोडणी दिसते तितकी सोपी नाही. संचाच्या स्पीकरच्या दोन तारा थेट अॅम्प्लिफायरला लावाव्यात, असे कोणालाही वाटेल. पण बऱ्याच संचांत त्या दोन्हींपैकी एकही तार अर्थला नसते, आणि अॅम्प्लिफायरची एक बाजू गाडीच्या बॉडीला असते. जोडले की संचाचा आउटपुट आयसी गेलाच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक आयसी असाच जाळला आहे. मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. शिवाय बोलण्याचे बटण दाबले की कर्णा आपोआप बंद व्हावा असा रिले हवा. नाहीतर शेजारी दुसरा संच चालू असला की आवाज फिरून माइकमध्ये येतो आणि जी किंकाळी उठते तिने ढोलही थांबतील.

आमच्याकडे चालक आणि गार्ड (२०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर') यांच्या हाती ५ वॉटचे संच असतात, स्टेशनात २५ वॉटचा. अपघाताच्या जागी हातातला संच लांबच्या स्टेशनपर्यंत पोचत नाही, म्हणून मोठा संच गाडीत ठेवतात. अशाच एका रात्री क्रेन आणि जनरेटरच्या घरघरीत गाडीतला संच कोणालाच ऐकू येईना. साहेब वैतागले. मी ट्रान्सफॉर्मर घातला, बाहेरच्या कर्ण्याला तार जोडली आणि काम एकदम सुरळीत झाले. सगळ्यांनी पाठ थोपटली. तासाभराने इस्पितळातून आलेली नावे कंट्रोलने संचावर वाचायला सुरुवात केली. दोरीच्या पलीकडे नातेवाईक उभे होते. तिसऱ्या नावाला एक बाई खाली बसल्या. मी धावत जाऊन तार ओढून काढली, पण तोवर पाच नावे वाचून झाली होती. चूक कंट्रोलची नव्हती. आपला आवाज रस्त्यावर जातो आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. तार मी जोडली होती.

डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली मेट्रोकडे पाहिले की मला हे आठवते. तिथल्या टेट्रा रेडिओवर नियंत्रण कक्ष चालकाशी बोलतो, आणि गरज पडली तर त्याच यंत्रणेतून थेट डब्यातल्या प्रवाशांशीही. पण दोन्ही वाटा वेगळ्या. प्रवाशांशी बोलायचे तर ते मुद्दाम निवडावे लागते. माझ्या त्या तारेत निवड नव्हती.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ कर्णा बंद, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला. वॉकीटॉकीचे म्हणाल तर ४४६ मेगाहर्ट्झच्या ठरावीक पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना २०१८ पासून परवाना लागत नाही. तेच घ्यायचे. रेल्वेचे संच मिळणार नाहीत, कृपया कोणी मागू नयेत!

तर मंडळी, जोडणी मी करणार नाही. मिरवणुकीत मूल हरवते, कुणाला भोवळ येते, कुणाच्या घरचा निरोप येतो; ते सगळे कर्ण्यावर जाता कामा नये. पाच स्वयंसेवकांना इयरफोनसह संच द्यायचे, सहावा टेम्पोत बसणाऱ्याकडे. तो ऐकेल, आणि सांगण्याजोगे असेल तेवढेच माइकवरून सांगेल. टेम्पोत बसायला मी तयार आहे. उरलेल्या पाच जणांनी आपली नावे चतुर्दशीच्या आदल्या आरतीपर्यंत द्यावीत.