कुंडलिकेचे उपेक्षित मासे व त्यांचीं नांवें

दप्तरें चाळणाऱ्यांस माशांच्या नांवांचें अगत्य काय, असें कोणी विचारील. चालुक्यनृपति तिसरा सोमेश्वर यास तें होतें. इ. स. ११३० च्या सुमाराच्या त्याच्या 'मानसोल्लासां'त मत्स्यविनोदाचें प्रकरण असून गळ कसा टाकावा व कोणत्या माशास कोणतें आमिष लावावें, हें त्यांत सांगितलें आहे.

पुढें इंग्रज शौकिनांनीं पिसांची कृत्रिम माशी पाण्यावर फेकण्याची आपली विद्या इकडे आणली. त्यांची दृष्टि मुख्यतः महासीरावर. खडकास चिकटून राहणाऱ्या मळ्यास कोण विचारतो! तथापि ले. कर्नल साइक्स यानें १८३८ त लंडनच्या प्राणिशास्त्रीय सभेपुढें दख्खनच्या माशांवर निबंध वाचला, त्यांत लॅटिन नामकरण करतांना कित्येक देशी नांवेंच उचललीं. खुद्री, नुक्ता, मुल्या हीं शास्त्रांत अद्याप चालू आहेत. पैकीं 'मुल्या' म्हणजे आपला मळ्याच होय. मराठी शब्द लॅटिनीच्या आश्रयानें टिकावा, हें आम्हांस थोडें लाजिरवाणें वाटतें.

साइक्सचे मासे घाटावरचे. परंतु १९२७ पासून भिऱ्याच्या विद्युद्गृहांतून मुळशीचें, म्हणजे मुळेचें, पाणी कुंडलिकेंत उतरून रोह्यावरून वाहतें. पेणच्या भोगावतीस तसा पुरवठा नाहीं. यास्तव दोहों कांठचीं नांवें गळ टाकणाऱ्यांच्याच तोंडून, निरनिराळीं उतरून घ्यावीं. आणि रोह्यास घाटावरचें एखादें नांव आढळल्यास तें १९२७ पूर्वींच्या कागदांत येतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें.