कार्डावर प्रेमी, मागे घरची खुशाली

१९०५-१०च्या सुमारास इंग्लंडमध्ये धाडलेल्या पोस्टकार्डांत एक जोडी वारंवार भेटते. पुढच्या बाजूला गुलाबांच्या कमानीखाली बिलगून बसलेलं जोडपं, आणि मागे बहिणीने भावाला कळवलेली आईची तब्येत. आज पाहणारा बुचकळ्यात पडतो. त्या काळी मात्र यात कुणाला वावगं वाटत नसे. ते का, हे कार्डाच्या जन्मकथेतून उलगडतं.

पोस्टकार्ड जन्मलं ते कोरंच. इमान्युएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने स्वस्त, उघड्या पत्राची कल्पना व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात मांडली आणि १ ऑक्टोबर १८६९ला ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिलं कार्ड विक्रीला आलं. ब्रिटनमध्ये ते १८७० साली अर्ध्या पेनीला मिळू लागलं. आपल्याकडे १८७९ साली, पाव आण्याला.

पुढे चित्रं आली, पण एक बाजू फक्त पत्त्यासाठी राखलेली. त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला, कधी थेट चित्रावरच कोंबावा लागे. १९०२ साली ब्रिटिश टपाल खात्याने पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करायला परवानगी दिली: डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. प्रेमचित्राच्या कार्डाचा खरा जन्म मी याच नियमात मानतो. अख्खी दर्शनी बाजू चित्राला मोकळी मिळाली.

ती भरायला बर्लिनचे छापखाने सज्जच होते. ब्रोमाइड कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर यंत्राने फोटो उमटत. स्टुडिओत पडदे लावून, नटूनथटून बसवलेली जोडपी; मग गालांवर, फुलांवर हाताने चढवलेला रंग. एकाच प्रसंगाची पाच-सहा कार्डांची मालिकाही निघे.

घरोघरी या कार्डांचे अल्बम असत, आणि बहिणीच्या अल्बममध्ये मालिकेतलं राहिलेलं कार्ड भरणं हेही प्रेमच होतं. शिवाय कार्ड उघडं. पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत कुणीही वाचावं. म्हणून त्यावर गुपितं कमी आणि गाडीची वेळ, सर्दी-खोकला, पोचल्याची खबर जास्त. चित्र नजरेच्या हौसेसाठी, मजकूर माणसांसाठी. मला तर यातली मागची बाजूच अधिक प्रेमळ वाटते.

पुढे ही हौस महागली: जून १९१८मध्ये ब्रिटनमध्ये कार्डाचा दर दुप्पट, म्हणजे एक पेनी झाला. तोवर महायुद्धाने जर्मन छपाईचा पुरवठाही तोडला होता.

असं जुनं कार्ड तुमच्या हाती आलं, तर तिकिटासाठी त्याचा कोपरा कापू नका. कित्येकदा तारीख आणि गाव सांगणारा एकमेव पुरावा तिकिटावरच्या शिक्क्यातच असतो.