भुकेला कोंडा चालतो का?

जयपूरला बदली होऊन आता वर्ष होत आलं. क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून मालवीय नगरात भाड्याचं घर घेतलं, आणि मग तिथेच रमलो. गच्चीवरून झालानाचे डोंगर दिसतात, पहाटे मोर ओरडतात आणि संध्याकाळी गौरव टॉवरकडे गाडी लावायला जागा मिळत नाही. या वेळचा लेख या घरातल्या जेवणाच्या टेबलावरच सुरू झाला.

गेल्या महिन्यात आमचा सराव निघाला. मी सहा आठवडे वाळवंटात असणार होतो. घरी बायको, आठवीतली लेक आणि माण तालुक्यातून आमच्याकडे राहायला आलेली आई. मे 2025 मध्ये देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा जयपुरातही भोंगे वाजले होते. तेव्हापासून बायको एकच विचारायची, "तुम्ही नसताना चार दिवस वीज, पाणी, दुकानं बंद पडली तर?" म्हणून एक पेटी भरून ठेवायची ठरली. मी पुरवठ्याच्या कामातला सैनिक, वीस वर्षं राशन मोजतोय. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

बाजारातून तयार पुलाव, राजमा-भात, पावभाजी, गरम पाणी ओतून करायचा उपमा आणि सुकवलेल्या भाज्या आणल्या. तयार पाकिटं गरम न करता ताटलीत काढली, कारण वेळ आली तर गॅस असेलच असं नाही. आईने गार पुलावाचा एक घास घेतला, वर पाणी प्यायली आणि ताटली सरकवली.

"आई, अडचणीत हेच खावं लागेल."

"अडचण आली की खाईन की. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा!"

आईला साखर आहे. गोळी घेऊन ती उपाशी राहिली की काय होतं, ते मी एकदा पाहिलं आहे. त्यामुळे ही म्हण खरी की खोटी, याचा निकाल मला निघण्याआधी लावायचा होता. आणि राशनचा इतिहास सांगतो की म्हण अर्धीच खरी आहे.

याचा सगळ्यात कडू पुरावा आपल्याच माणसांचा आहे. पहिल्या महायुद्धात जनरल टाउनशेंडचा सहावा (पूना) डिव्हिजन बगदादच्या वाटेवर टेसिफॉनला अडला. तिथून मागे फिरून तो डिसेंबर 1915 मध्ये तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात शिरला. 7 डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. आत 103वी आणि 110वी मराठा लाइट इन्फंट्री आणि 117वी मराठा पलटण होती. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या या पूर्वज पलटणी. सातारा-रत्नागिरीकडची पोरं त्यांत होती.

गोऱ्या आणि हिंदी शिपायांचं राशन वेगळं होतं. गोऱ्यांना पांढऱ्या मैद्याचा पाव आणि मांस, आपल्यांना कणीक, डाळ, तूप. जनावरं संपली तेव्हा जानेवारीच्या अखेरीपासून तोफगाड्यांचे आणि रिसाल्याचे घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी ते खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं. घोडा खाल्ला असं गावात कळलं तर जात बाहेर टाकेल, पोरीबाळींची लग्नं अडतील, ही भीती होती. धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप हिंदुस्थानातून बिनतारी यंत्रावर मागवले गेले, तरी महिनोन्‌महिने नकार टिकला. ज्या घोड्याला आपण हाताने चंदी घातली, दसऱ्याला ज्याची पूजा केली, त्याचा तुकडा ताटात आला तर घास उतरेल का? मला नाही वाटत.

परिणाम डॉक्टरांनी नोंदवून ठेवला आहे. मांस नाही, भाजीपाला नाही, म्हणून हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. माणसं नदीकाठचा पाला खुडून शिजवू लागली. उलट घोडा खाणारे गोरे स्कर्व्हीपासून बचावले, पण सुरुवातीला मैद्यामुळे त्यांना बेरीबेरी झाला. तो आपल्या कणीक-डाळ खाणाऱ्यांना झाला नाही. एकाच वेढ्यात दोन ताटं आणि दोन आजार.

एप्रिलमध्ये पीठ माणशी पाच औंसांवर, म्हणजे दीडशे ग्रॅमच्याही आत आलं, तेव्हा कुठे बहुतेकांनी घोड्याचं मांस स्वीकारलं. तोवर अंगात काही उरलं नव्हतं. 15 एप्रिलपासून विमानांतून पोती टाकली गेली, एकूण सुमारे 16,800 पौंड. वेढ्यातल्या फौजेला हवेतून अन्न पुरवायचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न मानतात. पण एवढ्या तोंडांना ते पुरणार कसं? 'जुल्नार' नावाची बोट 270 टन सामान घेऊन 24 एप्रिलच्या रात्री निघाली आणि वाटेतच तुर्कांच्या हाती पडली. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 माणसं शरण गेली. छावणीत तुर्कांनी त्यांना दगडासारखी जाड्याभरड्या पिठाची बिस्किटं दिली. उपाशी पोटांनी ती खाल्ली आणि कित्येक जण पोटाच्या विकाराने तिथेच गेले.

म्हणजे भुकेला कोंडा चालतो, पण फार उशिरा. माणूस कोंड्याला 'हो' म्हणेपर्यंत त्याची ताकद गेलेली असते.

हे मी पुस्तकातून नंतर शिकलो. आधी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी उत्तरेकडच्या एका उंच चौकीसाठी सामान पाठवत होतो. चौकीचं नाव लिहिणार नाही. वजन मोजून वर न्यायचं, म्हणून मी हिशेबाला सोपी अशी एकाच प्रकारची पाकिटं जास्त चढवली. कॅलरीचा तक्ता पूर्ण भरला. तीन आठवड्यांनी एका पोराला अशक्तपणामुळे खाली आणावं लागलं. त्याच्या झोपायच्या जागेखाली चौदा पाकिटं न उघडलेली निघाली. उंचीवर भूक आधीच मरते, आणि त्याला त्या वासानेच मळमळायचं. बिचाऱ्याने कुणाला सांगितलंही नाही, कारण राशनबद्दल तक्रार करणं त्याला कमीपणाचं वाटलं. तो बरा झाला, पण माझ्या तक्त्यात तो तीन आठवडे पोटभर जेवत होता, हे मी विसरू शकलो नाही. त्या लंगरच्या हवालदाराने पुढे मला एकच गोष्ट सांगितली, "साहेब, एक पाकीट कमी पाठवा, पण लोणचं पाठवा."

याच्या अगदी उलट विचारही एका सैन्याने करून पाहिला आहे. 1937 मध्ये अमेरिकी सैन्याच्या कॅप्टन पॉल लोगन यांनी हर्शे कंपनीकडून संकटकाळासाठी चॉकलेटची वडी बनवून घेतली. चार औंस वजन, 600 कॅलरी, उन्हात न वितळणारी. आणि एक अट अशी की चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा थोडीशीच बरी हवी! कारण गोड लागली तर शिपाई आधीच फस्त करतील. वडी टिकली, पण शिपायांना ती इतकी नकोशी झाली की पुष्कळांनी फेकून दिली.

त्याच अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधकांनी 1950 च्या सुमारास चव मोजायची नऊ पायऱ्यांची पट्टी तयार केली. 'अजिबात आवडलं नाही' याला 1 आणि 'अतिशय आवडलं' याला 9. आज जगभरच्या अन्नप्रयोगशाळा हीच पट्टी वापरतात.

आपल्याकडे 1961 मध्ये म्हैसूरला संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा निघाली. पाकिटात शिजलेलं अन्न भरून, बंद करून, दाबाखाली सुमारे 121 अंशांवर तापवायचं, म्हणजे ते फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकतं, हे तंत्र तिने भारतीय जेवणावर बसवलं. मुद्दा 'भारतीय जेवणावर' याचा आहे. परदेशी डबे आयते मिळत होते, पण जवानाला पुलाव, आलू-मटार, सुजीचा हलवा हवा होता. 1984 मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हाही हलवा, आलू-छोले आणि पुलाव याच प्रयोगशाळेतून गेले. तिथे तर वजनाचा ग्रॅम-ग्रॅम मोजतात, तरी ओळखीच्या चवीला जागा मिळाली.

तर मी वहीत नऊ पायऱ्या आखल्या आणि तीन संध्याकाळी घरच्यांची परीक्षा घेतली. आईला हा पोरखेळ वाटला. पण आकडे द्यायला लागल्यावर तीच बोलती झाली. 1972 च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची.

"भाकरी लाल व्हायची आणि घशात अडकायची. म्हातारी माणसं अर्धी भाकरी पोरांना द्यायची आणि पोट भरलं म्हणायची. पण कामावर सुकडी मिळायची ना, ती गोड. ती आम्ही चाटून खायचो, आणि घरच्या बारक्यासाठी पदराला बांधून आणायचो."

"मग कोंड्याचं काय झालं, आई?"

"म्हण म्हणायला ठीक असते रे," ती म्हणाली, आणि पुलावाला तिने दोन दिले.

आकड्यांनी माझा एक गैरसमजही काढला. राजमा-भाताला बायकोने नऊ दिले, लेकीने नऊ, आईने तीन. सरासरी सात, म्हणजे कागदावर उत्तम. माझ्या चौकीवर नेमकं हेच झालं होतं. सरासरीने कुणाचं पोट भरत नाही. म्हणून नियम केला की ज्याने सहाच्या खाली गुण दिले, त्याच्या वाट्यात तो पदार्थ नाही. इतर खुशाल खावोत.

दुसरा नियम पाण्याचा. जयपूरचं नळाचं पाणी लांब बीसलपूर धरणातून येतं, आणि वीज गेली की पंप बंद. सुकवलेलं अन्न हलकं असतं, पण जेवढं पाणी काढलं तेवढं तुम्हालाच परत घालायचं असतं. तीन माणसं, चार दिवस, माणशी चार लिटर धरलं तर 48 लिटर पाणी आधी, मग पाकिटं.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त गुण मिळाले ते सेक्टरमधल्या किराणा दुकानातून आणलेल्या पंचकुट्याला: केर, सांगरी, कुमटिया, गूंदा आणि अमचूर. आईने आठ दिले! शेजारच्या मावशींनी करायला शिकवलं. मारवाडने हे सुकवणं दुष्काळातच शिकलं. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. 1868-69 च्या दुष्काळात तर लोकांनी खेजडीची सालही दळून खाल्ली. संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा 'छप्पनिया अकाळ' इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येतो. पण साल कुणी सणाला करत नाही आणि सांगरी लग्नाच्या पंगतीत वाढतात. जे आवडलं ते घरात टिकलं. आपले सांडगे, कुरडया, पापड याच जातीचे.

मात्र पंचकुटा रात्रभर भिजवून उकळावा लागतो. म्हणून तो शेवटच्या दोन दिवसांसाठी, छोट्या गॅसबरोबर. पहिल्या दोन दिवसांना चूल नको असं ठेवलं: पातळ पोहे आणि मेतकूट, पाण्याचा हबका मारून दडपायचे. सातूचं पीठ, आईसाठी मीठ-जिरं घालून. खाखरे, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, लेकीची पावभाजी आणि बायकोचा राजमा-भात. आईची साखर एकदम उतरली तर म्हणून ग्लुकोजची पुडी वेगळी. लिंबाचं लोणचं आणि सुकवलेला आवळा. चार दिवसांत कुणाला स्कर्व्ही होत नाही, पण आवळा ठेवताना कुत आठवलं, हे खरं.

पेटी माळ्यावर ठेवली नाही. इथल्या उन्हाळ्यात स्लॅबखाली भट्टी होते, शेंगदाणे खवट होतात आणि पाकिटांची चव मुदतीआधीच जाते. आतल्या खोलीत, कपाटाच्या तळाला ती आहे. दर दोन महिन्यांनी एक दिवस तिच्यातलंच जेवायचं आणि नवं भरायचं.

सरावावरून फोन लागला तेव्हा आईने आधी माझी विचारपूस केली, मग तक्रार. मेतकूट संपलं होतं. दोन महिने व्हायची वाट न बघता तिने पेटी उघडली होती, रोज सकाळी थोडंथोडं. मी रागवायला हवं होतं. तिला विचारलं, गोळी वेळेवर घेतेस ना, आणि बायकोला सांगितलं, दुप्पट करून ठेव.