आश्रमातील रंगांगण : शांतिनिकेतनातील प्रयोग आणि प्रदर्शने (१९१९–१९४०)

शांतिनिकेतनाविषयी मराठीत झालेले लेखन बहुतांशी रवींद्रनाथांच्या व्यक्तिमत्त्वाभोवती फिरत राहिले आहे. १९१५ मध्ये तेथे काही काळ वास्तव्य केलेले काका कालेलकर आणि पुढे बंगाली शिकण्यासाठी तेथे जाऊन राहिलेले पु. ल. देशपांडे ह्यांच्यामुळे मराठी वाचकाला ह्या स्थळाविषयी जिव्हाळा वाटू लागला; पण जिव्हाळ्याच्या पाठोपाठ थोडा भाविकपणाही आला. त्यामुळे विश्वभारती हा एक विद्यार्थी-शिक्षकसमूह होता, त्याला स्वतःची उतरंड होती, पैशाची चणचण होती आणि भोवतालच्या समाजाची भीतीही होती, ह्या गोष्टी मागे पडल्या. अनेक प्रांतांच्या आणि देशांच्या कला ह्या समूहाने आपल्या नित्यक्रमात सामावून घेतल्या, हे सर्वमान्य आहे. त्या कोणत्या अटींवर सामावल्या गेल्या आणि त्यांतले काय गळून पडले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

कालक्रम थोडक्यात असा. १९०१ मध्ये ब्रह्मचर्याश्रम म्हणून सुरू झालेल्या शाळेतून विश्वभारतीची कल्पना वाढली. १९१९ मध्ये कलाभवनाचे काम सुरू झाले आणि २३ डिसेंबर १९२१ रोजी विश्वभारतीची रीतसर प्रतिष्ठापना झाली. नृत्याचा प्रवेशही ह्याच सुमाराचा. नोव्हेंबर १९१९ मध्ये रवींद्रनाथांनी सिल्हेटजवळच्या मणिपुरी वस्तीत तेथील नृत्य पाहिले आणि त्यानंतर त्रिपुराहून बुद्धिमंत सिंह हे मणिपुरी शिक्षक आश्रमात आले. प्रारंभीचे धडे मुलांना देण्यात आले, तेही मृदंगाच्या बोलांवर करावयाच्या तालबद्ध व्यायामाच्या रूपाने. ही युक्ती सूचक आहे. भद्रलोकांच्या घरातील मुलगा नाचतो हे तत्कालीन बंगाली समाजाला सहज पचणारे नव्हते आणि मुलगी नाचते हे तर मुळीच नव्हते. ‘व्यायाम’ ह्या शब्दाच्या आडोशाने नृत्य अभ्यासक्रमात शिरले. मणिपुरी रासाच्या मुळाशी असलेला वैष्णव भक्तीचा विधी बाजूला राहिला आणि त्यातील वर्तुळाकार, संयत हालचाल तेवढी उचलली गेली. आश्रमाचा उपासनाधर्म ब्राह्म परंपरेतला, निराकाराचा. तेथे राधाकृष्णाच्या रासाला रास म्हणून स्थान मिळणे अवघडच होते. परकी कला स्वीकारताना तिच्यातील श्रद्धा वगळून घाट तेवढा घ्यायचा, ही आश्रमाची पद्धत येथेच पडलेली दिसते.

ह्या पार्श्वभूमीवर १९२६ च्या ‘नटीर पूजा’ ह्या प्रयोगाकडे पाहावे लागते. कथा बौद्ध परंपरेतील आहे. अजातशत्रूच्या राज्यात स्तूपाच्या पूजेला बंदी होते. स्तूप भ्रष्ट करण्यासाठी श्रीमती ह्या राजनर्तकीला त्यापुढे नाचण्याची आज्ञा मिळते. ती नाचते, पण त्या नाचाचीच पूजा करते आणि प्राणाला मुकते. नाटकातील सर्व पात्रे स्त्रिया होत्या. श्रीमतीची भूमिका नंदलाल बसूंची कन्या गौरी हिने केली आणि तिच्या नृत्यामागे नवकुमार सिंह ह्या मणिपुरी गुरूंची शिकवण होती. संहिता आणि प्रयोग ह्यांच्यातील नाते येथे विलक्षण गुंतागुंतीचे आहे. ‘नाचणारी’ म्हणून हीन ठरलेल्या स्त्रीचे नृत्य हेच तिचे पावित्र्य, असे संहिता सांगते. त्याच वेळी प्रतिष्ठित घरातील मुलगी रंगमंचावर नाचून तेच विधान प्रत्यक्षात उतरवीत असते. नाटकाचा विषय आणि प्रयोगापुढील सामाजिक अडचण एकच होती.

जानेवारी १९२७ मध्ये हा प्रयोग कलकत्त्यास जोडासाँकोच्या वाड्यात झाला. तेव्हा रवींद्रनाथांनी उपाली ह्या भिक्षूची नवी भूमिका लिहिली आणि ती स्वतः केली. पासष्ट वर्षांचा जगन्मान्य कवी रंगमंचावर आहे म्हटल्यावर मुलींवर होणाऱ्या टीकेची धार बोथट होईल, हा त्यामागील हेतू. केवळ स्त्रियांच्या नाटकाला उभे राहण्यासाठी एका पुरुषाची सावली लागली, असा निष्कर्ष येथे काढता येईल आणि तो चूकही ठरणार नाही. तरी त्याच वर्षांत मराठी संगीत रंगभूमीवर बालगंधर्व स्त्रीभूमिका करीत होते आणि प्रतिष्ठित घरातील स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे महाराष्ट्रातही वादग्रस्तच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे आश्रमाने उचललेल्या पावलाचे मोल कळते. व्यावसायिक रंगभूमीला जे साधले नव्हते ते एका शिक्षणसंस्थेला साधले. कारण तिच्याजवळ तिकीटविक्रीहून वेगळे असे ‘शिक्षणा’चे समर्थन होते.

१९२७ मध्येच रवींद्रनाथ जावा आणि बालीला गेले. सोबत सुनीतिकुमार चट्टोपाध्याय, सुरेंद्रनाथ कर आणि धीरेंद्रकृष्ण देववर्मा होते. ह्या प्रवासानंतर बाटिकचे तंत्र शांतिनिकेतनात रुजले. पुढे सिंहलातील कँडी नृत्य आणि केरळातील कथकळी ह्यांचीही भर पडली. शांतिदेव घोष ह्यांनी त्यांसाठी स्वतः प्रवास केले. ‘चित्रांगदा’ (१९३६), ‘चंडालिका’ (१९३८) आणि ‘श्यामा’ (१९३९) ह्या नृत्यनाट्यांत हे सारे प्रवाह एकत्र आले. भिन्न शैलींना एकत्र बांधणारे सूत्र होते ते रवींद्रसंगीताचे. गाणे बंगाली, त्याचा अर्थ आणि लय हीच नियामक. मणिपुरी असो वा कथकळी, त्यांनी ह्या गाण्याच्या चौकटीत बसायचे. प्रतिमादेवी ठाकुरांनी ह्या रचनेला दिलेले दृश्यरूप अत्यंत संयत होते हे खरे. पण येथे सर्व संस्कृती समान पातळीवर भेटल्या असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. यजमान भाषा एक होती. इतर पाहुण्या होत्या. ‘चंडालिका’मध्ये तर हा पेच अधिकच टोकदार होतो. अस्पृश्य मुलीचे आत्मभान हा तिचा आशय, आणि तो साकारणाऱ्या मुली मात्र भद्र समाजातल्या.

दृश्यकलेचा व्यवहार काहीसा निराळा होता. नंदलालांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तरुणपणी, १९०९–१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम ह्यांच्या चमूत काम करताना केल्या होत्या. त्याआधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स ह्यांच्या देखरेखीखाली तेच काम बारा-तेरा वर्षे केले होते. पण मुंबईत ते बरेचसे नोंदीचे काम राहिले, तर शांतिनिकेतनात अजिंठा हा भिंतीवर चित्र काढण्याच्या जिवंत सरावाचा भाग झाला. त्यासाठी नरसिंहलाल ह्या जयपूरच्या परंपरागत कारागिरास बोलावून नंदलाल आणि त्यांचे विद्यार्थी त्यांच्याकडून ओल्या गिलाव्यावरील चित्रणाचे तंत्र शिकले. प्राचार्यच कारागिराचा शिष्य होतो, ही घटना तत्कालीन सरकारी कलाशाळांत कल्पनेतही येणारी नव्हती. नृत्यगुरूंच्या वाट्याला असा गौरव कितपत आला ह्याविषयी मात्र शंका घ्यायला जागा आहे. १९२१–२२ मध्ये आश्रमात शिकविणाऱ्या स्टेला क्रामरिश ह्यांच्या पुढाकारातून डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यास बाउहाउसच्या कलावंतांची चित्रे प्रदर्शित झाली, आणि १९३७ मध्ये चीनभवन स्थापन झाल्यावर श्यू पेइहुंग ह्यांच्यासारखा थोर चिनी चित्रकार येथे येऊन राहिला व त्याच्या चित्रांचे प्रदर्शनही झाले.

प्रदर्शनाची कल्पना आश्रमाबाहेर सर्वांत दूरवर गेली ती महाराष्ट्रात. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन खानदेशातील फैजपूर येथे भरले. गांधीजींच्या आग्रहावरून नंदलालांनी बांबू, चटया अशा स्थानिक साहित्यातून तेथील मंडप आणि कमानी उभारल्या. खेड्यातील वस्तू खेड्यातच, खेडुतांसमोर मांडायच्या, ही कल्पना कलादालनाच्या संकेताला छेद देणारी होती. मूळच्या कोल्हापूरच्या विनायक मासोजी ह्यांच्यासारखा मराठी चित्रकार कलाभवनात दीर्घकाळ शिकवीत होता, ह्याचीही मराठी कलासमीक्षेने पुरेशी दखल घेतलेली नाही.

अर्थकारणाचा भाग टाळून चालणार नाही. नृत्यनाट्यांचे दौरे संस्थेसाठी निधी गोळा करण्याकरिता निघत. मार्च १९३६ मध्ये ‘चित्रांगदा’चा संच घेऊन रवींद्रनाथ दिल्लीस पोहोचले, तेव्हा ह्या वयात त्यांना असे फिरावे लागू नये म्हणून गांधीजींनी साठ हजार रुपये मिळवून दिले. संस्कृतिसंगमाचे हे प्रयोग कोणत्या विवंचनेतून महानगरांत पोहोचत, हे त्यावरून स्पष्ट होते. दौऱ्याच्या गरजेने प्रयोग आटोपशीर, नेटका आणि शहरी अभिरुचीस रुचेल असा झाला असण्याचा संभव नाकारता येत नाही.

परिसरातील संथाळांचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. नंदलालांच्या रेखाटनांत आणि रामकिंकर बैज ह्यांच्या शिल्पांत संथाळ सर्वत्र आहेत. रामकिंकरांचे सिमेंट आणि खडीतून साकारलेले ‘संथाळ कुटुंब’ (१९३८) आश्रमाच्या मोकळ्या आवारात उभे आहे. बाँकुड्याच्या नाभिक कुटुंबातून आलेल्या ह्या शिल्पकाराने श्रमिक देहाला स्मारकाची उंची दिली, ती भद्रलोकांच्या सहानुभूतीहून निश्चितच वेगळ्या जातीची आहे. तथापि जावा आणि सिंहलापर्यंत शोध घेणाऱ्या नृत्यनाट्याच्या रचनेत शेजारच्या पाड्यावरील नृत्याला तेवढे स्थान मिळाले नाही. दूरची संस्कृती ‘शैली’ म्हणून आणि जवळची ‘विषय’ म्हणून स्वीकारली गेली. आज ह्या साऱ्यावर ‘अपहरण’ असा एकच शिक्का मारण्याची घाई काही अभ्यासकांना होते. रामकिंकरांचे शिल्प पाहिल्यावर तो शिक्का अपुरा वाटतो.

ह्या इतिहासाच्या अभ्यासातील मोठी अडचण साधनांची आहे. नाटकांच्या संहिता छापल्या गेल्या, गाण्यांच्या स्वरलिपी ‘स्वरवितान’च्या खंडांतून सिद्ध झाल्या, भित्तिचित्रे भिंतींवर आहेत. नृत्याची मात्र तशी लिपी झाली नाही. १९३२ मध्ये न्यू थिएटर्सने ‘नटीर पूजा’चे चित्रीकरण केले होते, त्याचा बहुतेक भाग पुढे आगीत नष्ट झाला. बुद्धिमंत सिंह आणि नवकुमार सिंह ह्यांनी मुलामुलींच्या देहांना नेमके काय शिकविले, ह्याचा शोध आता आठवणीपर लेखनातील विखुरलेल्या उल्लेखांतून आणि नंदलालांनी प्रयोगांच्या निमित्ताने केलेल्या रेखाटनांतूनच घ्यावा लागतो.