टॅडपोल : डोक्याला दिलेलं नाव

‘एक्झिट पोल’मधला पोल आणि ‘टॅडपोल’मधला पोल एकाच घरातले. मध्ययुगीन इंग्रजीत ‘पोल’ म्हणजे डोकं. मतदान म्हणजे डोकी मोजणं, म्हणून तेही पोल. ‘टॅड’ हे ‘टोड’चं जुनं रूप, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक. पंधराव्या शतकाच्या सुमारास दोन्ही जुळले आणि बेडकाच्या पिल्लाचं नाव पडलं टॅडपोल. शेपटीची दखल घेतली ती ‘पॉलिवॉग’ने : डोकं अधिक वळवळ. हा शब्द अमेरिकेत जास्त रुळला.

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये वेडाचं सोंग घेतलेला एडगर आपण काय काय गिळतो ते सांगताना टॅडपोलही मोजतो. डिझरायलीने १८४४च्या ‘कनिंग्जबी’ कादंबरीत टॅडपोल आणि टेपर या नावांचे दोन पक्षीय खटपटे रंगवले. पक्ष सत्तेत कसा येईल, यापलीकडे त्यांना काही दिसत नाही. पुढे या नावाशी बेडकाचा संबंधच उरला नाही. १८६६मध्ये कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने खडकाला चिकटून राहणाऱ्या समुद्री जीवांच्या पिल्लांत पाठीच्या कण्याचा पूर्वज ओळखला. ती पिल्लंही टॅडपोलच. १९६४मध्ये कोलमन आणि ग्लॅशो यांनी कणभौतिकीतल्या एका आकृतीला तेच नाव वापरलं. कालेय तारकासमूहात लांब शेपटीची टॅडपोल दीर्घिकाही आहे. डोकं आणि शेपूट दिसली की झालं.

मराठीने आकारापेक्षा जगणं पाहिलं : बेडूकमासा. जुलैच्या डबक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन बघा. काळं, वाटाण्याएवढं अंग; पोटाच्या पातळ कातडीतून आतडं घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं दिसतं. शेवाळ खरवडून खायचं, तर आतडं लांब हवंच. श्वास कल्ल्यांनी, म्हणजे माशाचाच. मग आधी मागचे पाय फुटतात, नंतर पुढचे. शेपूट गळून पडत नाही, अंगातच जिरते. आतडं आखूड होतं, कल्ले जातात, फुप्फुसं कामाला लागतात आणि किडे खाणारा बेडूक काठावर येतो.

पाठ्यपुस्तकांनी मात्र ‘भैकेर’ हा शब्द आणला. संस्कृत ‘भेक’ म्हणजे बेडूक, तेव्हा व्युत्पत्तीला नाव ठेवायला जागा नाही; पण परीक्षेबाहेर तो कोणाच्या तोंडी येत नाही. शहरातली मुलं तर थेट टॅडपोलच म्हणतात. तिन्हींत प्राण्याची खरी ओळख सांगतो तो बेडूकमासाच. पुस्तकांनी तोच छापावा.