नागरिकत्वाचा अभ्यास : ॲरिस्टॉटल, गोखले आणि बंगळूर

बंगळुरात बसवनगुडी परिसरातील बुल टेंपल रस्त्यावर ‘गोखले सार्वजनिक विचार संस्था’ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळुकात जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव तिला दिले ते कन्नड विचारवंत डी. व्ही. गुंडप्पा यांनी. संस्थेची स्थापना १९४५ सालची. म्हणजे गोखल्यांच्या निधनाला तेव्हा तीस वर्षे झाली होती. मराठी माणसाला याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु गुंडप्पांनी गोखल्यांचे मराठीपण निवडले नव्हते. निवडली होती ती त्यांची सार्वजनिक जीवनाची शिस्त.

ही शिस्त समजून घ्यायची तर ॲरिस्टॉटलकडे वळावे लागते. बांधकाम करता करता माणूस गवंडी होतो, तसाच न्याय्य कृत्ये करता करता तो न्यायी होतो, असे त्याने नीतिशास्त्रावरील ग्रंथात म्हटले आहे. सद्गुण हा उपदेशाने येत नाही, सवयीने येतो. राज्यशास्त्रावरील ग्रंथात तो आणखी पुढे जातो : ज्याला अधिकार चालवता येतो आणि दुसऱ्याचा अधिकार मानताही येतो, तो चांगला नागरिक. अथेन्समध्ये पाचशे जणांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून वर्षभरासाठी निवडले जाई आणि एका व्यक्तीला आयुष्यात दोनदाच तेथे बसता येई. अधिकार ही तेथे मालमत्ता नव्हती, पाळी होती.

गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ स्थापली, तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षांचे प्रशिक्षण ठेवले. देशसेवा ही भावना असली तरी तिचाही अभ्यास करावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

परप्रांतात राहणाऱ्या वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नागरिकत्वाची ही मीमांसा करणारा ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्सचा नागरिक नव्हता. तो स्टॅगिराचा, अथेन्समध्ये परका. तेथे त्याला मताचा अधिकार नव्हता. तरीही इ. स. पूर्व ३३५ च्या सुमारास त्याने आपली विद्यापीठिका त्याच नगरात उभारली. त्याच्या विचारातील उणीवही लपवू नये : स्त्रिया, गुलाम आणि श्रमजीवी यांना त्याने नागरिकत्वाबाहेर ठेवले. आपल्या राज्यघटनेने ही दारे उघडली. पुण्याहून वा बेळगावहून बंगळुरात आलेला माणूस येथे पहिल्या दिवसापासून भारताचा नागरिक असतो आणि येथे वास्तव्य करू लागला की येथील मतदार यादीत नाव नोंदवू शकतो.

मात्र हक्क मिळाला म्हणजे सवय लागली असे नव्हे. बंगळूर महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नाही. २०२५ मध्ये शहराची विभागणी पाच महापालिकांत झाली. एवढा काळ नगरसेवकाविना गेला, तरी अनेकांच्या दिनक्रमात त्याने फरक पडला नाही. प्रशासनाच्या दृष्टीने चिंतेची बाब हीच आहे. अधिकारी रस्ता दुरुस्त करू शकतो. रस्त्याविषयी कोणाला जाब विचारावा याची जाणीव तो परिपत्रक काढून निर्माण करू शकत नाही.

ती जाणीव लहान जागीच घडते. गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर आपल्या पाळीला बसणे, हिशेब वाचून मग सही करणे, बहुमत विरुद्ध गेले तरी निर्णय पाळणे, ओला-सुका कचरा कोणी पाहत नसतानाही वेगळा ठेवणे, शेजाऱ्याशी चार वाक्ये कन्नडमध्ये बोलणे, ही कामे क्षुल्लक वाटतात. पण व्यक्तीची वाढ आणि समाजाची वाढ या दोन गोष्टी नाहीत, हे ग्रीक सूत्र त्यांतूनच प्रत्ययास येते. गाव सुटले म्हणून नागरिकत्व सुटत नाही. जेथे आपण पाणी भरतो, तेथेच त्याचा अभ्यास करावयाचा असतो.